कागदताईंची पहिली ओळ

आमच्या कार्यालयात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्या बाईंनी कॉम्प्युटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खांद्यावरची कापडी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि मला म्हणाल्या की एक कोरा कागद मिळेल का. मी दिला. थोड्या वेळाने त्यांनी आणखी दहा मागितले. कॉम्प्युटर आणि त्यांतली माहिती सुरक्षित कशी ठेवायची, याचा आराखडा करायला ज्यांना मुद्दाम बोलावलं होतं, त्या बाई पहिले चार दिवस नुसते कागद मागत राहिल्या. पाचव्या दिवशी आमच्या नर्सनी त्यांचं नाव कागदताई ठेवलं. तेच टिकलं.

मी कोणाचं कौतुक सहजासहजी करत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तीस वर्षं मी एका छोट्या संस्थेचं कार्यालय सांभाळतो आहे आणि राग माझ्या नाकावर असतो. नर्स तोंडावर मला साहेब म्हणतात आणि पाठीमागे थर्मामीटर. हे मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. माझी बायको म्हणते की तुमचा आवाज आणि आपल्या कुकरची शिट्टी, दोन्ही शेजारी बरोबर ऐकतात, मला वेगळं काही सांगावं लागत नाही. असा माणूस कोणाबद्दल चार चांगले शब्द लिहायला बसला आहे, म्हणजे त्याला तसंच कारण असलं पाहिजे.

आमची संस्था घरोघरी जाऊन शुश्रूषा करते. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, अकरा नर्स, शहाऐंशी रुग्ण. पुढच्या खोलीत फोन आणि रिसेप्शनवरच्या बाई, मधल्या खोलीत पट्ट्यांची कपाटं आणि औषधांचा फ्रीज, मागच्या खोलीत मी. कोणाची जखम बांधायची, कोणाची नळी बदलायची, कोणाला इंजेक्शन द्यायचं, हे सगळं कॉम्प्युटरवर असतं. रोज सकाळी आठच्या आत प्रत्येक नर्सच्या फोनवर तिची दिवसाची यादी जाते आणि मग त्या बाहेर पडतात. संस्था सुरू करणाऱ्या डॉक्टरबाई आता पंच्याहत्तरीच्या आहेत, पण अजून त्याच अध्यक्ष आहेत. पलीकडच्या गल्लीतल्या व्हीलचेअर दुरुस्तीच्या केंद्राची सगळी माहिती एका सकाळी कोणीतरी दुरून कुलूपबंद करून टाकली, तेव्हा डॉक्टरबाईंनी धसका घेतला आणि कागदताईंना बोलावून घेतलं.

तर त्या चार दिवसांत कागदताईंनी काय केलं? प्रत्येकाला समोर बसवून सकाळी आल्यापासून तुम्ही काय काय करता ते विचारलं आणि कागदावर चौकोन काढले, बाण काढले. एक दिवस एका नर्सबरोबर पायी फिरल्या, सगळे जिने चढल्या. आणि शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न केला. उद्या सकाळी हे सगळं बंद असेल, तर सगळ्यात आधी त्रास कोणाला होईल?

मी म्हटलं, मला. त्यांनी ते मुकाट्याने लिहून घेतलं. आमच्या सर्वांत जुन्या नर्स म्हणाल्या, चौथ्या मजल्यावरच्या मास्तरांना. मास्तर एकटे राहतात, डोळ्यांनी दिसत नाही, आणि रोज सकाळी साडेआठला नर्सने इंजेक्शन दिल्याशिवाय त्यांना काही खाता येत नाही. कागदताईंनी माझ्या उत्तराखाली काही केलं नाही, पण मास्तरांच्या भोवती गोल काढला. त्या दिवसापासून आराखड्यातली प्रत्येक गोष्ट त्या एकाच मापाने मोजू लागल्या. हे केलं तर मास्तरांना साडेआठला इंजेक्शन मिळेल ना? मिळणार असेल तर ठेवू, नाहीतर खोडू. मोठमोठे शब्द वापरताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

मग त्यांनी आमची लाज काढायला सुरुवात केली. म्हणजे त्यांनी नाही काढली, ती आपोआप निघत गेली. सगळ्या कॉम्प्युटरना पासवर्ड एकच, संस्थेचं नाव आणि स्थापनेचं साल. तो पाण्याच्या फिल्टरच्या वर भिंतीला चिकटवलेला. नोकरी सोडून गेलेल्या नर्सना तो पाठ होता, फिल्टर साफ करायला येणाऱ्या माणसालाही होता. एकदा मला आठवेना तेव्हा त्यानेच सांगितला होता.

आणि माझी डिस्क. सगळ्या माहितीची रोज एक नक्कल निघावी म्हणून मी एक डिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडून ठेवली होती. एक दिवसही चुकायला नको म्हणून ती कधी काढतच नव्हतो. रोज सकाळी फडक्याने पुसत होतो. मला तिचा अभिमान होता, आणि मी ती मोठ्या दिमाखात दाखवली. कागदताई टेबलाशी वाकल्या, पाहिलं, आणि इतकंच म्हणाल्या की दाराची दुसरी किल्ली तुम्ही त्याच दाराच्या कडीला लटकवून ठेवली आहे. चोर आत आला तर दोन्ही त्याच्याच हाती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायला तोंड नव्हतं, कारण व्हीलचेअरवाल्यांची नक्कलही अशीच जोडलेली होती आणि तीही गेली होती. मग दोन डिस्क झाल्या. एक कार्यालयात, काम झालं की काढून कपाटात. दुसरी डॉक्टरबाईंच्या घरी, त्यांच्या साड्यांच्या खाली. दर शनिवारी अदलाबदल.

आता त्या कशा दिसतात तेही सांगतो. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा सतत केसांत अडकवलेला आणि सतत शोधत असलेल्या. पिशवीत बॅटरी, चिकटपट्टी, लाल लोकरीचा गुंडा आणि जुन्या गादीचा एक चौकोनी तुकडा. तो गुडघ्यांखाली घ्यायचा, कारण त्यांचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या टेबलांखाली जातं. अशा अकरा संस्था त्या सांभाळतात. एक वाचनालय, एक पाळणाघर, तीन वर्गांची संगीतशाळा, आणि आमच्यासारखे आणखी. चहा दिला तर थंड होईपर्यंत विसरतात, मग गारढोण चहा आनंदाने पितात. जाताना आमचं एखादं पेन हमखास घेऊन जातात. मी एकदा पिशवीतून माझी तीन पेनं काढून दाखवली, तर त्यांनाच माझ्याहून जास्त आश्चर्य वाटलं.

लाल लोकर कशासाठी, तर प्रत्येक कॉम्प्युटरच्या मागे वायरींचं जंजाळ असतं. त्यातल्या बाहेरच्या जगाशी आणि एकमेकांशी जोडणाऱ्या वायरीला त्या लाल लोकर बांधत. काहीही विपरीत दिसलं की आधी ती ओढायची, कॉम्प्युटर मात्र बंद करायचा नाही, आणि मग फोन करायचा. एवढंच शिकवलं सगळ्यांना. माझ्या टेबलामागची लोकर मी दुसऱ्याच दिवशी कात्रीने कापून टाकली. कार्यालय आहे की विणकामाचा वर्ग, असं काहीतरी पुटपुटलोही असेन.

दर तीन महिन्यांनी एका बुधवारी त्या येत आणि रिसेप्शनमागच्या भिंतीवर जो पांढरा डबा आहे, ज्यातून सगळ्या वायरी जातात, त्याचा प्लग काढायला सांगत. मग तासभर सगळं काम कागदावर. रिसेप्शनवरच्या बाईंना त्याची इतकी गोडी लागली की त्या घड्याळ लावून सराव करू लागल्या. खुर्चीपासून प्लगपर्यंत अकरा सेकंद. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. मी त्या तासात माझ्या खोलीचं दार लावून बसत असे.

आराखडा झाला तो फक्त चार पानांचा. मी विचारलं, एवढाच? त्या म्हणाल्या, पाचवं पान तुम्हीही वाचणार नाही. त्या चार पानांची पहिली ओळ वाचली आणि मी जागेवरून उठलो. ओळ अशी होती:

‘ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती लगेच सांगितली, तर त्याला कोणीही रागावणार नाही, जाब विचारणार नाही, लेखी खुलासा मागणार नाही.’

मला ही ओळ कोणाकडे पाहून लिहिली आहे ते कळायला वेळ लागला नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात रिसेप्शनवरच्या बाईंनी एका नर्सला चुकीच्या इमारतीत पाठवलं होतं. मी त्यांच्याकडून लेखी खुलासा घेतला आणि सोमवारच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. त्या मान खाली घालून रडत होत्या. मला वाटलं, शिस्त लागली.

डॉक्टरबाईंच्या समोर बैठक झाली. मी म्हटलं, ही ओळ म्हणजे निष्काळजीपणाचा परवाना आहे. लोक वाटेल ते करतील आणि येऊन हसत सांगतील. कागदताईंनी तोवर माझं सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्या दोन सूचना कापल्या होत्या, त्या हसून सोडून दिल्या होत्या. इथे मात्र हटल्या नाहीत.

"साहेब, बाकी तुम्ही काहीही कापा," त्या म्हणाल्या. "ही ओळ काढायची असेल तर उरलेली पानंही मी पिशवीत घालून घरी नेते. तिच्याशिवाय ती कोणाच्या कामाची नाहीत."

डॉक्टरबाईंनी ओळ ठेवली. मी खोलीत गेलो, माझ्या प्रतीतली ती ओळ पट्टी लावून, लाल शाईने खोडली आणि प्रत खणात टाकली. तेवढंच मला समाधान.

त्यानंतर दीड वर्ष गेलं असेल. गुरुवार होता, सकाळचे सात पस्तीस. आठला नर्स निघायच्या होत्या, याद्या अजून फोनवर गेल्या नव्हत्या. मी कॉम्प्युटरवरचं टपाल, म्हणजे ईमेल, पाहायला बसलो. आम्हाला पट्ट्या आणि हातमोजे पुरवणाऱ्या दुकानाच्या नावाने एक पत्र आलं होतं, पोहोचवण्याचं वेळापत्रक बदललं आहे, सोबतचा कागद पाहा. मी पाहिला. त्याने पासवर्ड मागितला. मी दिला. काही उघडलं नाही. दुकानदाराला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि उठणार, तेवढ्यात समोरच्या पडद्यावर माझ्या फाइलींची नावं बदलू लागली. एकेक करून, वरून खाली, कोणीतरी शांतपणे भिंतीला रंग देत यावं तशी.

वायर ओढायची हे आठवलं. टेबलामागे वाकलो तर पाच वायरी, पाचही सारख्या, आणि लाल लोकर कुठेच नाही. ती मीच कापली होती.

खरं सांगायचं तर, त्या क्षणी मला मास्तर आठवले नाहीत. मला माझी निवृत्ती आठवली. आठ महिने राहिले होते. एकोणतीस वर्षं मी सगळ्यांच्या चुका मोजल्या, आणि आता माझीच. खोलीत कोणी नव्हतं. कॉम्प्युटरचं बटण दाबून तो बंद करावा, डोकं दुखतंय म्हणून घरी जावं, आणि दुपारी कोणीतरी दुसऱ्याने ते शोधून काढावं. असं झालंच असतं. मी बटणावर बोटही ठेवलं होतं. दाराबाहेर रिसेप्शनवरच्या बाई फोनवर कोणाला तरी सांगत होत्या, हो आजी, आठ वाजता निघतील, काळजी करू नका. ते ऐकलं आणि बोट निघालं.

"बाई," मी हाक मारली. आवाज मला माझाच वाटला नाही. "माझ्या हातून चूक झाली आहे."

त्या माझ्याकडे आल्या नाहीत. मला खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकू आला, मग धावत्या पावलांचा, आणि मग भिंतीवरचा पांढरा डबा बंद पडल्याची ती बारीक टिक. अकरा सेकंदही लागले नसतील. त्यानंतरच त्या माझ्या दारात आल्या आणि धापा टाकत विचारलं की साहेब, बंद तर नाही ना केलात? मी नाही म्हटलं. त्यांनी तिथूनच कागदताईंना फोन लावला. त्यांनी मला एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

कागदताई फोनवर म्हणाल्या की येते, तोवर पेटी उघडा. पेटी म्हणजे पत्र्याची निळी पेटी, तीत दर शनिवारी छापून ठेवलेल्या अकरा याद्या. शनिवारच्या असल्या तरी पत्ते तेच, वेळा त्याच. त्यात औषध किती द्यायचं ते मात्र छापलेलं नव्हतं. त्या जागी रिकामी चौकट आणि खाली, रुग्णाच्या घरी ठेवलेल्या वहीत पाहा. या रिकाम्या चौकटींवरही मी एकदा बरीच कटकट केली होती. तेव्हा कागदताईंनी सांगितलं होतं की कागदाने फक्त वाट दाखवायची, औषधाचं प्रमाण कधी सांगायचं नाही, ते मधल्या दिवसांत बदललेलं असू शकतं. आणि मास्तरांचं मंगळवारीच बदललं होतं. शनिवारच्या कागदावर जुनं प्रमाण छापलेलं असतं, तर घाईत काय झालं असतं, याचा विचार मी आजही टाळतो.

अकरा नर्स कागद घेऊन निघाल्या. कोणी कुरकुरलं नाही, त्यांना बुधवारची सवय होती. मी खुर्चीत बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. साडेआठ वाजले. आठ बत्तीस. आठ पस्तीस. आठ चाळीसला फोन वाजला, जुन्या नर्स होत्या. मास्तरांना इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं उशीर झाला. आणि मास्तर विचारत आहेत, आज तुमचे साहेब झोपले होते का?

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, हो सांगा त्यांना.

तोवर कागदताई आल्या होत्या. केस ओले, चष्मा केसांत. त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. कधी झालं, काय उघडलं, काय टाइप केलं. कोणी केलं, हे त्या कधीच विचारत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पासवर्ड दिला हे मी सगळ्यात शेवटी सांगितलं. त्यांनी मान डोलावली.

"बरं झालं लगेच सांगितलंत," एवढंच म्हणाल्या, गादीचा तुकडा जमिनीवर टाकला आणि माझ्या टेबलाखाली शिरल्या.

नुकसान माझ्या एकट्या कॉम्प्युटरचं झालं. रुग्णांची माहिती जिथे असते तिथवर ते पोहोचलं नव्हतं. कागदताईंचा अंदाज होता की आणखी दहा-पंधरा मिनिटं मिळाली असती तर पोहोचलं असतं. त्या दिवशीच सगळे पासवर्ड बदलले, साड्यांखालची डिस्क आली, आणि शनिवारपर्यंत माझा कॉम्प्युटर होता तसा झाला. कोणीही मला काही विचारलं नाही. सोमवारची बैठक झाली, तीत पट्ट्यांच्या साठ्याबद्दल बोलणं झालं आणि सगळे उठले. मला ते सहन होईना.

मी दीड पानांचा लेखी खुलासा लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे. पाकिटात घातला आणि रविवारी सकाळी कागदताईंच्या घरी गेलो. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं, मांडीवर घ्यायचं विणकाम हातातच होतं, लाल लोकरीचं. सूनबाई घरात नाही, म्हणाल्या, बाहेर आहे. म्हणजे दाराबाहेर. किल्ली विसरून भाजीला गेली होती, परत आली तेव्हा मी आंघोळीला होते, आता शेजारी चहा पीत बसली असेल. जगाची कुलपं बघते आणि स्वतःच्या घराची किल्ली घरातच विसरते, हे सांगताना त्यांचं पोट हसून हलत होतं. अर्धवट सोडलेल्या स्वेटरची लोकर सूनबाई चोरून नेते अशीही तक्रार केली. मग मला पाणी देत सहज म्हणाल्या, आता बरीच निवळली हो. पूर्वी ओरडायला लागली की कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत ऐकू जायचं.

मला ते खरं वाटेना. एवढ्यात कागदताई आल्या. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते उघडलंही नाही, परत माझ्या हातात दिलं. नियम आहे साहेब, म्हणाल्या. आणि तिथे, दुसऱ्याच्या घरात, रविवारी सकाळी, माझा आवाज चढला. मी म्हटलं, तुमचा नियम ठेवा तुमच्यापाशी. मी लोकांकडून खुलासे लिहून घेतले आहेत, ते रडेपर्यंत वाचले आहेत, आणि माझ्या वेळी सगळे गप्प. याहून मला दोन शब्द सुनावले असते तर मी सुटलो असतो.

त्या खाली बसल्या. सासूबाईंनी विणकाम थांबवलं नाही, पण मान खाली घातली. त्यांना पुढचं माहीत असावं.

"मी तुमच्यापेक्षा वाईट होते, साहेब," कागदताई म्हणाल्या. "डोळ्यांच्या दवाखान्यात होते मी. नाव नोंदवायच्या टेबलावर लागले, कॉम्प्युटर शिकत गेले, आणि बारा वर्षांनी त्या विभागाची प्रमुख झाले. माझं सगळं अचूक असायचं, आणि दुसऱ्याचं तसं नसलं की मला धीर नसायचा. नोंदणीवरच्या एका बाईने एका सोमवारी तुमच्यासारखंच काहीतरी उघडलं. मला कळलं बुधवारी दुपारी. तोवर सगळं गेलं होतं, नकलाही गेल्या. चारशे लोकांची डोळ्यांची मोजमापं होती त्यात. ऑपरेशनं दोन-दोन महिने पुढे गेली. म्हाताऱ्या माणसांना परत परत बोलवून परत मापं घेतली."

"मी तिला विचारलं," त्या पुढे म्हणाल्या, "सोमवारीच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगायलाच आले होते. दोनदा तुमच्या दारापर्यंत आले. दोन्ही वेळा तुम्ही आत कोणावर तरी ओरडत होता, म्हणून परत गेले."

मी हातातल्या पाकिटाची कड दुमडत राहिलो.

"ती नोकरी सोडून गेली," त्या म्हणाल्या. "मी माफी मागायला घरी गेले तिच्या. दार तिच्या आईने उघडलं. आतल्या खोलीत ती दिसत होती मला, साहेब. आई म्हणाली, घरी नाही."

थोड्या वेळाने त्यांनीच चहा केला आणि स्वतःचा प्यायला विसरल्या. निघताना मी पाकीट खिशात घातलं. त्यांनी माझं पेन ठेवून घेतलं, हे मला घरी गेल्यावर कळलं.

सोमवारी खणातून मी माझी प्रत काढली. लाल शाई खोडरबराने जात नाही, कागद मात्र झिजतो. म्हणून त्याच ओळीखाली जी जागा होती तिथे ती ओळ मी पुन्हा, शब्दन् शब्द, माझ्या अक्षरात लिहिली. फायलीतून रिसेप्शनवरच्या बाईंचा तो जुना खुलासा काढला, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हटलं की हा मी घ्यायला नको होता. त्यांनी तो उलटा करून पाहिला, मागची बाजू कोरी होती. हा निळ्या पेटीत कामाला येईल, म्हणाल्या, आणि खरंच आत टाकला. टेबलामागे लोकर मीच बांधली, गाठ घट्ट मारून. निवृत्तीनंतरही डॉक्टरबाईंनी मला अर्धा दिवस ठेवून घेतलं आहे, त्यामुळे ती अजून रोज दिसते.

पण राग काही आराखड्यात लिहून जात नाही. गेल्या महिन्यात एका दुपारी मी फोनवर पट्ट्यांच्या त्या दुकानदारावर तोंडसुख घेत होतो, कारण हातमोजे चुकीच्या मापाचे आले होते. दाराकडे पाठ होती. सहज वळलो तर दारात एक नर्स उभी होती, या वर्षीच लागलेली. माझ्याकडे पाहिलं, आणि मागे वळली.

मी दुकानदाराचं वाक्य अर्धं सोडून फोन ठेवला. गुडघे दुखतात हल्ली, तरी उठलो आणि तिच्या मागे गेलो. ती मधल्या खोलीत पट्ट्यांच्या कपाटापाशी पोहोचली होती. मी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, काही नाही. मी तिथल्या स्टुलावर बसलो आणि म्हटलं की मी आता ओरडत नाहीये, सांगा. तिचा फोन बसमध्ये राहिला होता. रुग्णांचे पत्ते, वेळा, औषधं, सगळं त्यात होतं.

"बरं झालं लगेच सांगितलंत," मी म्हटलं, आणि कागदताईंचा नंबर लावला.

फोन उचलला तसं त्यांनी नेहमीप्रमाणे एकच विचारलं, कधी? मी नर्सकडे पाहिलं. ती म्हणाली, अर्धा तास झाला असेल. मी ते त्यांना सांगितलं. पलीकडून कागदताई म्हणाल्या, अर्ध्या तासात खूप काही वाचवता येतं साहेब, लिहून घ्या. मी खिसा चाचपला. पेन नव्हतं. नर्सने तिचं दिलं.